लॅपटॉपची स्क्रीन पुसताना: आधी कोरडे, मग ओले, खालची कड सर्वांत शेवटी

लॅपटॉपच्या स्क्रीनवरचे बहुतेक चरे आणि न जाणारे डाग ती घाण झाली म्हणून पडलेले नसतात. ती पुसायला घेतली तेव्हा पडलेले असतात. साचलेली धूळ महिनाभर तशीच राहिली तरी वाईट दिसते, एवढेच. तीच धूळ शर्टाच्या बाहीने किंवा ओल्या फडक्याने स्क्रीनवरून फरफटवली की ती पॉलिश पेपरचे काम करते, आणि काच पुसण्याचा फवारा थेट स्क्रीनवर मारला की त्यातले द्रव ओघळून खालच्या चौकटीत शिरते. साधने चुकतात त्याहून क्रम अधिक चुकतो, म्हणून पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत. पहिल्या वेळी तयारीसकट पाऊण तास लागेल. त्यात स्क्रीनला प्रत्यक्ष हात लावण्याचा वेळ जेमतेम पाच-सात मिनिटांचा असतो.

१. स्क्रीन कोणत्या प्रकारची आहे ते ओळखणे

लॅपटॉप बंद असताना झाकण उघडावे आणि स्क्रीनमध्ये ट्यूबलाइटचे किंवा खिडकीचे प्रतिबिंब पाहावे. प्रतिबिंबाच्या कडा आरशातल्यासारख्या रेखीव दिसल्या तर स्क्रीन चकचकीत, म्हणजे ग्लॉसी आहे; उजेडाचा नुसता पसरट, धुरकट पट्टा दिसला तर ती मॅट आहे. त्यानंतर कडेकडे पाहावे. भोवती प्लास्टिकची उठावाची चौकट असून स्क्रीन तिच्या आत किंचित खोल बसली असेल, तर समोर बहुधा काचेचे आवरण नाही. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सलग गुळगुळीत पृष्ठभाग असेल, आणि त्यातही ती टचस्क्रीन असेल, तर समोर काच आहे असे धरायला हरकत नाही.

हा फरक माहीत नसल्याने मोठी चूक होते. मॅट स्क्रीनवर आपले बोट जिथे टेकते ती काच नव्हे. आतले काचेचे दोन थर अर्धा मिलिमीटर किंवा त्याहूनही पातळ असतात, आणि त्यांच्यावर पोलरायझर नावाचा प्लास्टिकचा पापुद्रा चिकटवलेला असतो. उजेडाची चमक मोडावी म्हणून याच पापुद्र्याचा वरचा भाग डोळ्यांना दिसणार नाही इतका बारीक खडबडीत केलेला असतो. पदार्थांचा कठीणपणा मोजण्याच्या मोह्स मापावर काच साधारण साडेपाच ते सहाच्या दरम्यान बसते, आणि रस्त्यावरच्या धुळीत हटकून सापडणारी गारगोटीच्या जातीची कणी सातवर. जी कणी काचेला चरा पाडू शकते ती प्लास्टिकच्या पापुद्र्याचे काय करील, हे वेगळे सांगायला नको.

काचेच्या स्क्रीनवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. काच टणक असली तरी तिच्यावरचा प्रतिबिंब कमी करणारा लेप आणि बोटांचे तेल धरू न देणारा लेप अतिशय पातळ असतो. तो घासण्याने झिजतो आणि चुकीच्या रसायनाने पापुद्रे सुटल्यासारखा उतरतो.

तपासा: लॅपटॉपच्या माहितीपुस्तिकेत किंवा कंपनीच्या संकेतस्थळावर स्वच्छतेविषयीचे पान असते. त्यात अल्कोहोल चालते की नाही एवढी एक गोष्ट आधी पाहून घ्यावी; पुढे सातव्या टप्प्यात ती लागणार आहे. ॲपलच्या नॅनो-टेक्श्चर प्रकारच्या, म्हणजे चमक मोडण्यासाठी काचच अतिसूक्ष्म खडबडीत केलेल्या स्क्रीनसाठी कंपनी स्वतःचेच कापड वापरायला सांगते. २०२१ मध्ये ते कापड भारतात १९०० रुपयांना विकायला आले तेव्हा त्यावर भरपूर विनोद झाले, आणि साध्या लॅपटॉपसाठी ते घेण्याचे कारण खरोखरच नाही. पण ज्यांच्याकडे ती विशिष्ट स्क्रीन आहे त्यांनी या बाबतीत काटकसर करू नये.

२. साहित्य जमवणे

साहित्य फार लागत नाही, पण जे लागते ते योग्यच असले पाहिजे.

मायक्रोफायबरची तीन कापडे घ्यावीत, शक्यतो वेगवेगळ्या रंगांची: एक स्क्रीन ओलसर पुसायला, दुसरे कोरडे करायला, तिसरे कीबोर्डसाठी. रंग वेगळे ठेवण्याचे कारण इतकेच, की घाईत कीबोर्डचे कापड स्क्रीनला लागू नये. चष्म्याच्या दुकानात मिळणारे पातळ, गुळगुळीत कापड स्क्रीनसाठी उत्तम असते. गाडी पुसण्याचे जाड, केसाळ मायक्रोफायबर चालेल, मात्र ते नवे असावे आणि त्याच्या कडेची जाड शिवण व कापडी लेबल कापून टाकलेले असावे. चरे पुष्कळदा या लेबलानेच पडतात.

टिश्यू पेपर, वर्तमानपत्र, टॉवेल आणि जुना बनियन यांपैकी काहीही घेऊ नये. आरसा वर्तमानपत्राने लख्ख होतो हे खरे, पण आरशाला पोलरायझर नसतो. जुना सुती पंचा हाताला कितीही मऊ लागला तरी त्याच्या विणीत धूळ अडकून बसते आणि तो स्क्रीनवर तंतू सोडतो.

पाण्याकडे कोणी लक्ष देत नाही, आणि वाळल्यावर राहणारे पांढरट ठिपके बहुतेकदा पाण्याचेच असतात. बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात; बादलीच्या काठावर जी पांढरी पुटे चढतात तीच येथे पातळ थराने उमटतात. डिस्टिल्ड पाणी सर्वांत चांगले. ज्यांच्या घरी इन्व्हर्टर आहे त्यांच्याकडे ‘बॅटरीचे पाणी’ म्हणून त्याची बाटली असतेच. नसेल तर पेट्रोल पंपावर किंवा गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात ती मिळते. ते न मिळाल्यास घरच्या आरओ यंत्राचे पाणी चालेल. उकळून गार केलेले पाणी म्हणजे डिस्टिल्ड पाणी नव्हे, आणि एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी वाफेचे असले तरी वाटेतली धूळ आणि बुरशी घेऊन येते.

सावधान: बॅटरीचे पाणी विकणाऱ्या त्याच दुकानात बॅटरीचे ॲसिडही तशाच प्लास्टिकच्या बाटलीत असते. ते गंधकाम्ल आहे. लेबल वाचल्याशिवाय बाटली उघडू नये, आणि लेबल नसलेली किंवा घरात कधीतरी पुन्हा भरलेली बाटली या कामाला घेऊच नये.

याखेरीज कॅमेऱ्याची भिंग साफ करण्याचा रबरी फुगा, एक नवा मऊ ब्रश (मेकअपचा चालतो, पण कोरा असावा), पाण्यासाठी छोटी वाटी आणि उजेडासाठी मोबाइलची टॉर्च. झाले.

आता जे आणू नये त्याविषयी. काच पुसण्याच्या फवाऱ्यात सुगंध, फेस आणणारे पदार्थ आणि काहींमध्ये अमोनिया असतो. थिनर, पेट्रोल आणि नेलपॉलिश काढण्याचे ॲसिटोन प्लास्टिकचा पापुद्रा सरळ विरघळवतात किंवा दुधी करतात. ब्लीच अर्थातच नको. हातांचे सॅनिटायझर अल्कोहोलच आहे म्हणून वापरले जाते, पण त्यात त्वचेसाठी ग्लिसरीन घातलेले असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात ते १.४५ टक्के आहे, आणि तेवढेही स्क्रीनवर चिकट थर ठेवायला पुरते. भांड्यांच्या साबणाचा थेंब सुचवणारेही भेटतात. साबण वापरला की तो धुऊन काढावा लागतो, आणि स्क्रीन नळाखाली धरता येत नाही.

३. जागा, हात आणि यंत्र तयार करणे

केर काढल्यावर लगेच हे काम करू नये, कारण उडालेली धूळ खाली बसायला अर्धा तास तरी लागतो. पंखा बंद करावा. टेबल आधी ओल्या फडक्याने पुसून कोरडे करावे. देवघरात उदबत्ती किंवा समई चालू असेल तर दुसऱ्या खोलीत बसावे; धुराची काजळी ओल्या स्क्रीनवर चटकन बसते, आणि पुढे अल्कोहोल वापरायची वेळ आली तर जवळ ज्योत असून चालणार नाही.

अंगठी, घड्याळ, काचेच्या बांगड्या आणि राखी उतरवून ठेवावी. हे वाचायला क्षुल्लक वाटते, परंतु पुसताना आपले लक्ष बोटांवर असते, मनगटावर नसते. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावेत; हाताला क्रीम लावलेले असेल तर ते कापडातून स्क्रीनवर उतरते.

यानंतर लॅपटॉप पूर्ण बंद करावा, म्हणजे शट डाउन. नुसते झाकण मिटून झोपवणे पुरेसे नाही. चार्जर काढावा. माउसचा डोंगल, पेन ड्राइव्ह, इअरफोन काढून ठेवावेत. स्क्रीन गार होण्यासाठी दहा-पंधरा मिनिटे जाऊ द्यावीत. गरम स्क्रीनवर पाणी पुसून होण्याआधीच वाळते आणि पट्टे उमटतात. शिवाय बंद, काळ्या स्क्रीनवर धूळ आणि तेलकट डाग जसे दिसतात तसे चालू स्क्रीनवर दिसत नाहीत.

सावधान: अलीकडची बरीच मॅकबुक झाकण उघडताच किंवा कोणतेही बटण दाबताच आपोआप सुरू होतात. म्हणून आधी झाकण उघडे ठेवून मगच बंद करावे, आणि पुसताना चुकून यंत्र सुरू झाले तर गोंधळून न जाता हात बाजूला घेऊन ते पुन्हा बंद करावे.

४. कीबोर्ड आधी

स्क्रीनच्या लेखात कीबोर्ड कशाला, असे वाटेल. झाकण मिटल्यावर कीबोर्ड आणि स्क्रीन यांच्यात अंतर फारच थोडे उरते. लॅपटॉप दप्तरात दाबला गेला की बटणांच्या कडा स्क्रीनला टेकतात आणि त्यांच्यावरचे बोटांचे तेल जाळीसारखे स्क्रीनवर छापले जाते. कीबोर्ड तसाच ठेवून स्क्रीन लख्ख केली तर दुसऱ्या दिवशी तीच जाळी पुन्हा हजर असते. कीबोर्ड नंतर साफ केला तर त्यातून उडालेली धूळ नुकत्याच पुसलेल्या स्क्रीनवर बसते. म्हणून त्याचा क्रमांक आधी.

लॅपटॉप दोन्ही हातांनी धरून, झाकण उघडे ठेवून, तिरका करावा आणि हलकेच हलवावा, म्हणजे चिवड्यातली शेव आणि पोळीचे कण बाहेर पडतील. मग ब्रशने आणि रबरी फुग्याने बटणांमधल्या फटी साफ कराव्यात. शेवटी कीबोर्डच्या कापडाचा कोपरा अगदी किंचित ओला करून बटणांचे माथे पुसावेत. यापुढे हे कापड स्क्रीनजवळ आणायचे नाही.

५. कोरडी धूळ उडवणे

सगळ्या कामातला हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा, आणि नेमका हाच गाळला जातो.

झाकण साधारण ११० ते १२० अंशांत उघडावे. टॉर्च स्क्रीनच्या एका बाजूला, जवळजवळ तिच्या पातळीत आडवी धरावी. समोरून स्वच्छ वाटणाऱ्या स्क्रीनवर अशा तिरक्या उजेडात धुळीचे शेकडो कण, कापडाचे तंतू, एखादा केस आणि शिंकेचे वाळलेले थेंब उठून दिसतात. आधी रबरी फुग्याने वरच्या कडेपासून खाली येत हवा मारावी. त्यानंतर मऊ ब्रश न दाबता, नुसत्या टोकांनी, एकाच दिशेने फिरवावा. चौकटीच्या कोपऱ्यांत धुळीची जी बारीक दोरी साचते ती याच ब्रशने बाहेर ओढावी. टाचणी, काडी किंवा नखाचे टोक त्या फटीत घालू नये.

तोंडाने फुंकर मारणे ही सर्वांची सवय, पण फुंकरीबरोबर थुंकीचे बारीक थेंब जातात. दाबाखालच्या हवेचा डबा वापरायचा असेल तर तो सरळ उभा धरावा आणि वीसेक सेंटिमीटर लांबून थोड्या थोड्या वेळाने मारावा. डबा तिरका झाला की हवेऐवजी थंडगार द्रव बाहेर येते. दुरुस्तीच्या दुकानातले मोठे ब्लोअर मात्र नकोच. त्यांच्या जोराने धूळ बाहेर पडण्याऐवजी चौकटीच्या आत ढकलली जाते.

धूळ निघाल्यावर कोरडे कापड चारपदरी घडी करून, जवळजवळ कापडाच्या वजनानेच, वरून खाली एकदा फिरवावे. चाळीस सेंटिमीटरचे चौकोनी कापड दोनदा दुमडले की उलटून-पालटून आठ स्वच्छ बाजू मिळतात. प्रत्येक फेऱ्यानंतर बाजू बदलावी. पुष्कळदा काम येथेच संपते. बोटांचे ठसे आणि थेंबांचे डाग नसतील तर पाणी लावण्याची गरज नसते, आणि जे पाणी लावलेच नाही ते आत शिरत नाही.

तपासा: पुन्हा टॉर्च आडवी धरून पाहावे. चमकणारे कण शिल्लक असतील तर पुढे जाऊ नये. हा टप्पा दोनदा करावा लागला तरी चालेल. अर्धवट करून ओले कापड लावलेले चालणार नाही.

६. ओलसर पुसणे

पाणी कापडाला लावायचे. स्क्रीनला कधीही नाही. वाटीत कापडाचा एक कोपरा बुडवून घट्ट पिळावा आणि तो ओलावा कापडाच्या उरलेल्या भागात दाबून पसरवावा. स्प्रेची बाटली असेल तर लॅपटॉपपासून दूर, कापडावर दोन फवारे मारून एक मिनिट थांबावे.

तपासा: कापड हाताच्या पाठीवर फिरवावे. गार लागले पाहिजे, पण त्वचेवर पाण्याचा थर दिसता कामा नये. मग घरातल्या आरशावर एक फटकारा मारावा आणि मनात दहा आकडे मोजावेत. तेवढ्यात ओलावा विरून गेला तर कापड योग्य आहे. ओघळ किंवा थेंब राहिला तर पुन्हा पिळावे.

कापड इतके पिळायला का सांगतो, त्याला माझ्या स्वतःच्या एका चुकीचा आधार आहे. काही वर्षांपूर्वी पाहुणे यायच्या गडबडीत मी सगळ्या घराबरोबर लॅपटॉपवरही तोच निळा फवारा दोनदा मारला आणि लगेच पुसूनही घेतला. रात्री काहीच बिघडलेले दिसले नाही. सकाळी उजव्या खालच्या कोपऱ्यात, चहा सांडून वाळलेल्या कागदासारखा, कडेने गडद आणि मध्ये फिकट असा डाग होता. दुरुस्ती करणाऱ्याने चौकटीची खालची पट्टी नखाने हळूच उचलून दाखवली. आतल्या हिरव्या चिंचोळ्या पट्टीवर वाळलेल्या द्रवाची पांढरी रेघ सरळ ओढल्यासारखी दिसत होती. डाग शेवटपर्यंत गेला नाही.

बहुतेक लॅपटॉपमध्ये स्क्रीनला चित्र पुरवणारी ती इलेक्ट्रॉनिक पट्टी आणि तिच्या नाजूक फिती खालच्याच कडेला असतात, आणि गुरुत्वाकर्षण द्रवाला नेमके तिकडेच नेते. कडेशी पोहोचलेला थेंब फटीत आपण होऊन ओढला जातो. कंदिलाच्या वातीत तेल चढते त्याच न्यायाने. म्हणूनच खालच्या कडेचा सांभाळ हा या टप्प्याचा गाभा आहे.

आता प्रत्यक्ष कृती. मोकळ्या हाताचा पंजा झाकणाच्या मागे, पुसायच्या भागाच्या बरोबर पाठीशी टेकवावा. असा आधार नसेल तर सगळा दाब बिजागऱ्यांवर जातो आणि स्क्रीन मागे-पुढे डुलते. ज्यांचा लॅपटॉप १८० अंशांत सपाट उघडतो त्यांनी तो स्वच्छ चादरीवर पूर्ण पसरून ठेवावा; मग ओघळ खाली येण्याचा धोका बराच कमी होतो.

वरच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरुवात करून आडव्या सरळ रेषेत उजवीकडे जावे, पुढचा पट्टा आधीच्या पट्ट्यावर थोडा चढेल असा घ्यावा आणि खाली येत राहावे. अंगण सारवताना हात जसा आपल्या आधीच्या फराट्यावरून फिरतो तसाच. दाब इतकाच असावा की कापड घसरत राहील. बोटांची टोके रोवू नयेत; चारही बोटे सपाट ठेवावीत. दाबल्यावर स्क्रीनच्या आतले प्रकाश पसरवणारे थर सरकतात आणि पांढरट ठिपके कायमचे राहू शकतात. ओएलईडी स्क्रीनमध्ये, म्हणजे जिच्यातला प्रत्येक बिंदू स्वतःच उजळतो तिच्यात, हे थर नसतात, म्हणून तिथे जोर लावून चालते असे मात्र नाही. ती पातळच असते.

खालच्या चौकटीपासून दोन बोटे अंतर राहिले की थांबावे. कापडाची कमी ओली बाजू वर घ्यावी, आणि ही शेवटची पट्टी खालून वर अशा छोट्या फटकाऱ्यांनी पुसावी. कापड चौकटीच्या खाचेत दाबू नये. खाचेत मळ दिसत असेल तर तो ब्रशनेच काढावा किंवा तसाच राहू द्यावा.

एक चतुर्थांश स्क्रीन पुसून झाली की लगेच कोरडे कापड त्याच दिशेने फिरवावे. सगळी स्क्रीन ओली करून मग कोरडी करायला गेले की तोवर अर्धे पाणी वाळून पट्टे पडलेले असतात.

सावधान: कापड हातातून जमिनीवर पडले तर ते त्या दिवसापुरते बाद. झटकून पुन्हा वापरणे म्हणजे पाचव्या टप्प्याचे सगळे कष्ट वाया घालवणे.

७. हट्टी डाग

शिंकेचे थेंब, चहाचा शिंतोडा, चिरडलेला डास यांसाठी नखाची किंवा ब्लेडची गरज नसते, वेळेची असते. ओलसर कापडाचा कोपरा त्या डागावर न घासता वीस-तीस सेकंद नुसता टेकवून ठेवावा. वाळलेला डाग तेवढ्यात मऊ होतो. मग एकच हलका फटकारा, आणि कापडाची बाजू बदलावी. डाग राहिला तर पुन्हा तेच. तीन-चार वेळा करावे लागते, आणि याच ठिकाणी बहुतेकांचा धीर सुटतो.

स्वयंपाकघराच्या ओट्याजवळ लॅपटॉप ठेवून पाककृती पाहणाऱ्यांच्या स्क्रीनवर फोडणीच्या तेलाचा धुरकट थर बसतो, आणि तो नुसत्या पाण्याने हटत नाही, उलट पसरतो. तेथे, तसेच स्टिकरच्या गोंदासाठी आणि मुलांनी पेनाने ओढलेल्या रेघांसाठी, कंपनीच्या सूचनेत परवानगी असेल तरच ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरावे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीसारख्या बाजारात ते ‘आयपीए’ या नावाने मागावे. सर्किट बोर्ड साफ करण्यासाठी विकतात ते बहुधा ९९ टक्क्यांचे असते. त्याच्या ७० मिलिलिटरमध्ये ३० मिलिलिटर डिस्टिल्ड पाणी मिसळले की काम भागते. औषधाच्या दुकानातले स्पिरिट हा त्याला पर्याय नव्हे, कारण त्यात आणखी काय मिसळले आहे हे प्रत्येक बाटलीगणिक बदलते.

दोन-तीन थेंब कापडावर घ्यावेत, आधी स्क्रीनच्या एका कोपऱ्यात नखाएवढ्या जागेवर लावून पाच मिनिटे थांबावे, आणि रंग किंवा चमक बदललेली नसेल तरच डागाकडे वळावे. झाल्यावर ती जागा साध्या पाण्याच्या कापडाने पुसून कोरडी करावी. खिडकी उघडी असावी.

पक्क्या शाईच्या मार्करची रेघ मॅट स्क्रीनवर पूर्णपणे जाईलच असे नाही. खडबडीत पापुद्र्यात शाई मुरते. अशा वेळी फिकट रेघ पत्करावी. जोर लावून घासलेला मॅट भाग गुळगुळीत होतो आणि त्या जागी कायमचा चकाकणारा ठिपका राहतो, जो मूळ रेघेपेक्षा अधिक खुपतो. चऱ्यांवर टूथपेस्ट चोळण्याचा सल्ला तर कानाआड करावा: टूथपेस्टमध्ये दात घासण्यासाठी बारीक कठीण भुकटी असते, आणि ती एका चऱ्याच्या जागी शंभर चरे पाडते.

बटणांची जाळी पुसूनही दिसत राहिली तर ती तेलाची आहे की झिजेची हे ओळखावे. ओलसर पुसून पूर्ण वाळल्यावर, बंद स्क्रीनवर तिरक्या उजेडात जाळी पहिल्यासारखीच आणि त्याच जागी दिसली, तर लेपच झिजला आहे. पुढचे घासणे थांबवावे.

८. वाळवणे आणि तपासणी

झाकण उघडे ठेवून पंधरा मिनिटे सावलीत थांबावे. कोकणात किंवा भर पावसाळ्यात हवा दमट असते, तेव्हा अर्धा तास ठेवावे आणि पंखा स्क्रीनवर न रोखता खोलीत मंद सोडावा. हेअर ड्रायर आणि ऊन दोन्ही वर्ज्य. ओलसर स्क्रीनवर झाकण मिटले तर कीबोर्डची धूळ तिच्यावर खिळून बसते.

मिटण्यापूर्वी कीबोर्डवरून एकदा नजर फिरवावी. सिलिकॉनचे कीबोर्ड कव्हर, कॅमेऱ्यावरची जाड सरकती पट्टी, विसरलेला इअरफोन, शेंगदाण्याचे टरफल, यांतले काहीही मध्ये राहिले तर झाकणाचा दाब तेवढ्याच एका बिंदूवर येतो. स्क्रीन तडकण्याची ही अगदी सामान्य रीत आहे.

मग लॅपटॉप सुरू करावा आणि आधी एक कोरे पांढरे पान, नंतर काळे चित्र पूर्ण स्क्रीनभर उघडावे. पांढऱ्यावर आतले डाग दिसतात, काळ्यावर पुसण्याचे पट्टे. पट्टे दिसले तर यंत्र बंद करून फक्त कोरड्या कापडाची नवी बाजू फिरवावी. बहुतेक पट्टे तेवढ्यानेच जातात.

पाणी आत गेल्याची शंका आली तर

खालच्या कडेकडून वर पसरणारी सावली, थरथरणारे चित्र किंवा नव्याने आलेल्या उभ्या रेषा ही त्याची लक्षणे. वाट पाहत, चालू ठेवून निरीक्षण करू नये. लगेच बंद करावा, चार्जर लावू नये आणि कोरड्या, हवेशीर जागी उघडा ठेवून किमान २४ ते ४८ तास तसाच राहू द्यावा. तांदळाच्या डब्यात पुरू नये. तांदळाची भुकटी आणि कण फटींत शिरतात, आणि मोकळ्या हवेपेक्षा त्याचा अधिक लाभ होत नाही. शक्य असेल तर त्याच दिवशी तंत्रज्ञाकडे न्यावा आणि काय सांडले, किती सांडले हे खरे सांगावे. साधे पाणी होते की सुगंधी फवारा, यावर तो आत काय साफ करील हे ठरते. थरांच्या मध्ये वाळलेला डाग बाहेरून कितीही पुसला तरी जात नाही, त्यामुळे त्यावर आणखी पाणी लावू नये.

९. कापडे धुऊन ठेवणे

तिन्ही कापडे कोमट पाण्यात, थोड्याशा सौम्य साबणाने, हाताने धुवावीत आणि साबणाचा फेस पूर्ण जाईपर्यंत खळबळावीत. वॉशिंग मशीनमध्ये टॉवेल किंवा सुती कपड्यांबरोबर टाकली तर त्यांचे तंतू मायक्रोफायबरमध्ये अडकतात. कपडे मऊ करणारे कंडिशनर मुळीच घालू नये, कारण त्याचा तेलकट थर धाग्यांवर बसतो, कापड पाणी आणि मळ धरेनासे होते आणि पुढच्या वेळी स्क्रीनवर चिकट फराटे उठतात. इस्त्रीही करू नये. हे धागे प्लास्टिकच्याच जातीचे असतात आणि उष्णतेने कडक होतात.

सावलीत, रस्त्याकडच्या गॅलरीत नव्हे तर घरातच वाळवावीत. पूर्ण वाळल्यावर प्रत्येक कापड झटकून, घडी करून, बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत वेगवेगळे ठेवावे आणि पिशवीवर ‘स्क्रीन’ किंवा ‘कीबोर्ड’ असे लिहावे. लॅपटॉपच्या बॅगेत सुटे टाकू नये. त्या कप्प्याच्या तळाशी काय साचलेले असते ते एकदा बॅग उलटी करून पाहावे.